टक्!

काही माणसांना यंत्रं वश असतात. बंद पडलेल्या पंख्याकडे त्यांनी नुसतं डोळे वटारून पाहिलं, तरी तो फिरायला लागतो. आमचा दादा त्यांतला. आय.टी.आय.मध्ये एकतीस वर्षं त्यानं पोरांना वायरिंग शिकवलं. माझं नेमकं उलटं. मी बँकेत होतो तेव्हा माझी सावली पडली की नोटा मोजायचं मशीन मोजता मोजता थांबत असे. शेवटी कॅशियरनं मला हात जोडून सांगितलं, ‘साहेब, तुम्ही लांबूनच सही करत जा.’

अशा माणसाच्या नशिबी वीस वर्षांची मोटार यावी, याला काय म्हणणार? ती कोणत्या कंपनीची, ते सांगत नाही. एक तर इतक्या वर्षांत आतले निम्मे सुटे भाग बदलून गेल्यामुळे कंपनीचा तिच्याशी संबंध जेमतेम माहेराइतका उरला आहे. आणि दुसरं म्हणजे आजाऱ्याचं गोत्र विचारू नये.

ही गाडी आमच्या बाबांनी २००५ साली शेताचा एक तुकडा विकून घेतली. तेव्हा ते सत्तरीला आले होते आणि त्यांना स्वतःला गाडी चालवता येत नव्हती. दुकानात जाऊन त्यांनी एकच प्रश्न विचारला होता : ‘यात गार हवा येते ना?’ इंजिन केवढं, अ‍ॅव्हरेज किती, कशाची चौकशी नाही. घरी आल्यावर म्हणाले, ‘हिनं पन्नास वर्षं चुलीपुढं काढली. आता चार दिवस गार हवेत बसू दे.’ आईनं त्यावर ‘काहीतरीच बाप्पा तुमचं!’ असं म्हणून पदर तोंडाला लावला होता. आईचं सुख बाबांनी उघडपणे बोलून दाखवल्याचा आमच्या घराण्यातला हा पहिला आणि शेवटचा प्रसंग. बाबा गेले, वाटणी झाली. वर्ध्याचं घर दादाकडे राहिलं, गाडी माझ्याकडे नागपूरला आली. तेव्हापासून घराची किंमत वाढत गेली आणि गाडीची कमी होत गेली. पण मला तक्रार करायला तोंड नाही, कारण गाडी मीच मागून घेतली होती. एसीसाठी!

आणि त्या एसीनंच माझं नाक कापलं.

त्याची तऱ्हा अशी : सकाळी गाडी काढावी, बटण दाबावं, बॉनेटखालून ‘टक्’ असा आवाज यावा आणि महाबळेश्वर सुरू! अर्धा तास सगळं झकास. मग ऊन चढायला लागलं, इंजिन तापलं आणि आपणही तापलो की, म्हणजे ज्या क्षणी एसीची खरी गरज, त्या क्षणी हा गृहस्थ काम सोडणार. पंखा चालूच, फक्त गार वाऱ्याच्या जागी भट्टीवरचा वारा. गाडी सावलीत तासभर उभी केली की पुन्हा ‘टक्’, पुन्हा महाबळेश्वर. थोडक्यात, हवा गार असेल तेव्हा गार हवा मिळेल, अशी सोय होती.

आई आता चौऱ्यांशीची आहे. ती वर्ध्याला दादाकडे असते आणि आंब्याच्या दिवसांत आमच्याकडे येते, कारण त्याच सुमारास पुण्याहून आमची मुलगी पोरांना घेऊन येते आणि पणतवंडांना हातानं आंबा पिळून घालणं हा आईचा वर्षातला एकुलता एक सण आहे. मागच्या मे महिन्यात मी तिला आणायला गेलो. सकाळी लवकर निघावं, असं तुम्ही म्हणाल. पण पूजा आणि जेवण आटोपल्याशिवाय आमची आई उंबरा ओलांडत नाही. बारा वाजता निघालो. केळझर सोडलं आणि एसीनं मान टाकली. बाहेर ४५ अंश. काच उघडी ठेवली तर लू, बंद ठेवली तर कुकर. बुटीबोरीच्या अलीकडे आई म्हणाली, ‘बाबू, डोळ्यांपुढं अंधारून येऊन राह्यलं रे.’ मी गाडी थांबवली, रस्त्याकडेच्या रसवंतीवाल्याच्या बाकावर तिला आडवी केली आणि त्या भल्या माणसानं तिच्या डोक्यावर ओला दुपट्टा ठेवला. अर्ध्या तासानं ती उठून बसली आणि म्हणाली, ‘हे दादाले सांगू नको.’

मी नाही सांगितलं. तिनंच सांगितलं!

यंदा एप्रिलमध्ये दादाचा फोन आला. दादा फोनवर तारेसारखा बोलतो, शब्दाला पैसे पडत असल्यागत. ‘एसी दुरुस्त कर. मग आईला न्यायला ये. नाहीतर मी टॅक्सी करून देतो.’

टॅक्सी! बाबांची गाडी दारात उभी असताना आईनं टॅक्सीतून यायचं? त्या रात्री मला झोप आली नाही. (कूलरमधलं पाणी संपलं होतं, हेही एक कारण होतं, पण मुख्य कारण टॅक्सी.)

दुसऱ्या दिवसापासून मी गॅरेजांचे उंबरे झिजवू लागलो. पहिल्या मिस्त्रीनं बॉनेट न उघडताच निदान केलं : ‘गॅस संपून राह्यला, साहेब.’ गॅस भरला. दोन हजार रुपये. चार दिवसांनी तोच प्रकार. पुन्हा गेलो, त्यानं पुन्हा गॅस भरला. दुसऱ्या मिस्त्रीनं पहिल्याला नावं ठेवून रिले बदलला. रिले म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. तो बदलला तर बरा, एवढंच मला कळत होतं. तिसरा जरा तत्त्वज्ञ होता. त्यानं इंजिन चालू करून कॉम्प्रेसरच्या चाकाकडे बोट दाखवलं. ‘बघा, फिरून राह्यलं की नाही? फिरतंय म्हणजे चालतंय. चालूनही थंड करत नाही, म्हणजे कॉम्प्रेसर गेला. बावीस हजार.’ गाडी विकायला काढली तर एसीला गाडी फुकट देऊन वर काही पैसे मागावे लागले असते, असा हा हिशेब होता.

सौ. म्हणाली, ‘अहो, तुम्ही गाडी दाखवता तेव्हा तर एसी चालूच असतो. मग त्यांना आजार कळणार कसा?’ मी तिकडे दुर्लक्ष केलं. बायकोनं यंत्रांविषयी काही बोललं की दुर्लक्ष करावं, असं मला माझ्या यंत्रांविषयीच्या अज्ञानानंच शिकवलं आहे. शिवाय मी गाडी सकाळी आठलाच नेणार ना! दुपारी न्यायची तर एसी नको का?

रात्री मी वाचन सुरू केलं आणि मला थोडा धीर आला, तो असा. अमेरिकेत १९३९ साली पॅकार्ड कंपनीनं मोटारीत पहिल्यांदा वातानुकूलन देऊ केलं. पण त्यात कॉम्प्रेसरला क्लच नव्हता. इंजिन चाललं की कॉम्प्रेसर चालणारच! गारठलेल्या धनिकानं काय करायचं? गाडी बाजूला घ्यायची, इंजिन बंद करायचं, खाली उतरायचं, बॉनेट उघडायचं आणि पट्टा काढून ठेवायचा. पुढं १९५० च्या दशकात विजेवर चालणारा चुंबकी क्लच आला आणि ही कसरत थांबली. म्हणजे त्या लोकांचा एसी बंद होत नव्हता, माझा चालू राहत नव्हता. मी सौ.ला उठवून हे सांगितलं. ती म्हणाली, ‘मग त्यांच्याशी गाडी बदलून घ्या,’ आणि कूस वळून झोपली.

मे उजाडला. मुलीची तिकिटं आली. दादाला फोन करून मी खोटं बोललो : ‘झाला दुरुस्त.’ आणि दुसरा रविवार धरून एकटाच वर्ध्याला निघालो. मनात बेत असा, की पहाटे निघायचं, एसी चालू अवस्थेत दादाच्या दारात पोचायचं, त्याला गार हवा दाखवायची आणि पुढचं देवावर सोडायचं. पण निघताना टायर बसलेला निघाला. तो काढून-घालून निघेपर्यंत साडेबारा झाले. बुटीबोरी मागं टाकली आणि एसीनं नेहमीप्रमाणे राजीनामा दिला. सेलू येईपर्यंत शर्ट अंगाला पोस्टाच्या तिकिटासारखा चिकटला होता.

दादा ओसरीतच बसला होता. मी फाटकाशी गाडी उभी करून किल्लीला हात घातला, तसा तो ओरडला, ‘अबे, बंद नको करू! इंजिन चालू ठेव!’

‘दादा, पाणी तरी –’

‘पाणी मग. एसी बंद पडला ना? चेहऱ्यावरूनच दिसून राह्यलं. तापल्यावरच बंद पडते?’

‘हो.’

‘सकाळी ठीक असते?’

‘हो.’

‘सावलीत उभी केली की परत चालते?’

‘हो.’

‘मिस्त्र्यांकडे सकाळीच नेली असशील.’

मी गप्प राहिलो. तीन मिस्त्री, साडेपाच हजार रुपये. आणि हे तीन प्रश्न कुणी विचारले नव्हते. सौ.नं विचारला होता, पण तिचं मी ऐकलं नव्हतं. दवाखान्याच्या पायरीवर ताप उतरलेलं पोर घेऊन मी महिनाभर डॉक्टरांकडे जात होतो.

दादानं आतून मीटर आणला. तोवर आई काठी टेकत दारात आली. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता पुन्हा आत जाऊन पन्हं घेऊन आली. बॉनेट उघडून दादा पट्ट्यापासून हात लांब ठेवून वाकला आणि एकतीस वर्षांच्या सवयीनं त्याचा तास सुरू झाला.

‘हे बाहेरचं चाक पाह्य. ही पुली. इंजिनच्या पट्ट्यावर ही सतत फिरणारच. एसी चालू असो की बंद असो. हिच्यावरून काही कळत नाही.’

‘पण तो मिस्त्री म्हणाला, फिरतंय म्हणजे –’

‘तो मधली थाळी पाह्यला का? ही पुढची गोल. ही फिरली तर आतला कॉम्प्रेसर फिरते. पाह्य, उभी आहे ढिम्म.’

खरंच की! देवळाबाहेर प्रदक्षिणा जोरात चालू होती आणि गाभाऱ्याला कुलूप होतं.

‘पुलीच्या मागं तांब्याच्या तारेची कॉईल आहे. बटण दाबलं की तिच्यात करंट जाते, तिचं चुंबक होते आणि ते या थाळीला ओढून पुलीला चिकटवते. तोच तुझा टक्. आता पाहू, करंट येते का.’ त्यानं क्लचच्या वायरला मीटर लावला. ‘साडेतेरा व्होल्ट. म्हणजे बटण ठीक, रिले ठीक, गॅसचा प्रेशर स्विचही ठीक. गॅस कमी असता तर त्या स्विचनं करंटच येऊ दिला नसता. गॅस कितीदा भरला?’

‘दोनदा.’

‘गॅस काय पेट्रोल आहे, खर्च व्हायला? बंद नळ्यांतून तोच तो फिरते. कमी झाला तर कुठं तरी गळून राह्यला असेल. गळती न शोधता भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी. आणि जास्त झाला तर कॉम्प्रेसरवरच ताण. बंद कर इंजिन. किल्ली काढ. माझ्या खिशात दे.’

किल्ली त्याच्या खिशात गेल्यावरच तो कॉम्प्रेसरला हात लावायला गेला. ‘वर्गात पोरांची बोटं अशीच वाचवली मी,’ म्हणाला. मग आईला हाक मारली, ‘आई, माठातलं पाणी आण वो तांब्याभर.’

एका तांब्यानं भागलं नाही, चार लागले. दादानं त्या क्लचवर बारीक धारेनं पाणी सोडलं. वाफ निघाली. आईनं नकळत हात जोडले; तिला वाटलं असावं, पोरगा अभिषेक करतोय, काही तरी नवस असेल. मग मला इंजिन चालू करायला सांगितलं. मी बटण दाबलं.

‘टक्!’

तापत्या दुपारी अडीच वाजता, माझ्या गाडीत, ‘टक्’! मी टाळी वाजवली. दादा हसला नाही. ‘ही दुरुस्ती नव्हे, हा पुरावा आहे,’ म्हणाला. ‘तांबं तापलं की त्याचा रोध वाढते. वीस अंशांवरून शंभरावर गेलं तर जवळपास तीस टक्क्यांनी. रोध वाढला की करंट कमी, करंट कमी की चुंबकाची ओढ कमी. पण ही तर प्रत्येक गाडीत तापते. मग तुझीच काऊन बंद पडते?’

त्यानं पुन्हा किल्ली काढून घेतली आणि पातळ पात्यांचा एक गेज आणला. थाळी आणि पुली यांच्यामधल्या फटीत एक पातं घातलं, दुसरं घातलं, तिसरं घातलं. ‘नऊ दशांश मिलिमीटर. पाहिजे साधारण अर्धा; गाडीगणिक थोडं कमीजास्त. वीस वर्षं हे दोघं एकमेकांना चिकटून राह्यले, सुटून राह्यले. दर वेळी केसभर झिजले. झिजता झिजता अंतर वाढलं. आता ढोबळ हिशेब असा, की अंतर दुप्पट झालं तर ओढ पाव राहते. थंडपणी तेवढ्यात भागते. तापलं की नाही भागत.’

बोनेटच्या काठावर हात टेकून मी ते ऐकत होतो. वाटणीनंतर आम्ही दोघं भाऊ एवढा वेळ एका जागी उभे राहिलो नव्हतो. भांडण असं काही नव्हतं. पण सणावारी फोन, तोही तारेसारखा. मला एकदम भरून आलं आणि मी म्हणालो, ‘दादा, माणसांचंही असंच असते, नाही?’

‘दहा नंबरचा पाना दे,’ दादा म्हणाला.

मी बारा नंबरचा दिला. त्यानं स्वतः दहाचा घेतला, मधला बोल्ट काढला आणि थाळी हलक्या हातानं दोन्ही बाजूंनी उचलत बाहेर घेतली. तिच्या मागं, दांड्यावर, नखाएवढे दोन पातळ वायसर होते. त्यांतला एक त्यानं काढला, दुसरा ठेवला, थाळी बसवली, बोल्ट आवळला. बोटानं थाळी फिरवून पाहिली. कुठं घासत नव्हती. ‘फार जवळ आणूनही चालत नाही,’ म्हणाला, ‘नाहीतर एसी बंद असतानाही घासत राह्यतील.’ मी यावरही काही तरी बोलणार होतो, पण पान्याकडे पाहून गप्प बसलो. गेज घातला. चार दशांश. त्यानं काढलेला वायसर माझ्या हातावर ठेवला. ‘हे घे तुझे बावीस हजार.’

माझी पायधूळ झाडण्याची तयारी पाहून दादा म्हणाला, ‘आता नाही. आज मुक्काम कर. उद्या दुपारी एक वाजता निघ.’

‘एक वाजता? ४५ डिग्रीत?’

‘सकाळी निघालास तर दुरुस्त झाला की नाही, कसं कळेल? आणि मी मागून माझ्या गाडीनं सेलूपर्यंत येतो. बंद पडला तर आई माझ्या गाडीत.’

दुसऱ्या दिवशी एक वाजता आई पूजा, जेवण आटोपून, पदराला कांदा बांधून मागच्या सीटवर बसली. मी बटण दाबलं. टक्. सेलू आलं. कॉम्प्रेसर मधूनमधून आपला थांबे (आतली जाळी फार गार झाली की तो थांबायचाच, नाहीतर तिच्यावर बर्फ धरेल, हे दादानं मला तीनदा बजावलं होतं) आणि तो थांबला की माझंही काळीज थांबे. पुन्हा टक्. पुन्हा मी श्वास घेई. आरशात दादाची गाडी दिसत होती. सेलू मागं पडलं तरी ती वळली नाही. केळझर गेलं, तरी मागंच. पार बुटीबोरीपर्यंत आला तो! तिथं त्या रसवंतीपाशी त्यानं दोनदा हॉर्न वाजवला, हात हलवला आणि मग परत फिरला. पन्नास किलोमीटर आला होता. सेलू म्हणाला होता.

मी आईला म्हणालो, ‘पाह्यलं? बाबांची गाडी आहे. उगीच टॅक्सी म्हणून राह्यला होता.’

आई काही बोलली नाही. मी आरशात पाहिलं, तर तिनं पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढून घेतला होता. थोड्या वेळानं म्हणाली, ‘बाबू, ते थंड बंद करते का जरासं? हुडहुडी भरून राह्यली.’

बाहेर पंचेचाळीस अंश होते. मी मुकाट्यानं बटण बंद केलं.

घरी पोचलो तोच दादाचा फोन. ‘पोचले? एसी चालू राह्यला?’

‘नाही. बंद होता.’

‘बंद?’ तिकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ‘कुठं बंद पडला?’

‘पडला नाही, केला. आईला थंडी वाजली.’

दोन क्षण काहीच ऐकू आलं नाही. मग दादा हसायला लागला. बाबा हसत तसा, खोकल्यासकट. फोनवर पैसे पडत असल्याचं तो साफ विसरला होता. मीही हसत सुटलो. सौ. बाहेर येऊन बघायला लागली, की दोन म्हाताऱ्यांना काय झालं.

तो वायसर मी पाकिटात ठेवला आहे. सौ. म्हणते, टाकून द्या, पाकीट फाटेल. पण यंत्राचा निरुपयोगी भाग जपून ठेवणं हे एकच यंत्रकाम मला जमतं, तेवढं तरी मला करू द्या.